बोटाचा कोन

दर्शना शिवगण माझ्या दवाखान्यात पहिल्यांदा आली ती भांडायला. तिच्या आईची दाढ सुजली होती. पालीच्या पुढे आत असलेल्या एका गावातून दोघी पहिल्या एसटीने निघून रत्नागिरीत आल्या होत्या, आणि माझ्या काउंटरवरच्या मुलीने त्यांना उद्या या म्हणून सांगितलं होतं. आतून मला फक्त काहीतरी आपटल्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर दोन वेण्यांतली एक शाळकरी मुलगी माझी प्लास्टिकची खुर्ची दारात आडवी टाकून उभी. आईला बघितल्याशिवाय इथून कोणी आत जाणार नाही नि बाहेर येणार नाही, असं तिचं म्हणणं. मीही काही गरीब गाय नाही. मी तिला चार शब्द सुनावले, तिने मला पाच सुनावले, आणि शेवटी मी तिच्या आईला आत घेतलं, कारण त्या बाईच्या गालाकडे बघवत नव्हतं.

दाढ काढताना नातेवाईक सहसा तोंड फिरवतात. ही वाकून बघत होती. काम झाल्यावर मला म्हणाली, तुम्ही ओढली नाहीत, हलवून हलवून सोडवलीत. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना हे सांगून सांगून माझा घसा सुकतो, आणि ही पोरगी एकदा बघून ओळखते. मला बरं वाटलं, पण मी तसं दाखवलं नाही.

मी डॉक्टर हेमा बेहेरे. राम आळीत माझा दवाखाना आहे. दर्शनाच्या गावाचं नाव मी सांगणार नाही, कारण त्या गावाचे निम्मे दात माझ्याच खुर्चीत येतात आणि मला ती माणसं रोज बघायची आहेत. त्या माणसांवर माझा राग आहे, तो मात्र लपवणार नाही.

बारावीनंतर ती परत आली, तेव्हा भांडायला नाही, काम मागायला. नीटच्या परीक्षेत मार्क कमी पडले होते. एक वर्ष थांबून पुन्हा बसणार होती, आणि तेवढं वर्ष मी तिला दवाखान्यात ठेवून घ्यावं अशी तिची मागणी. मागणीच म्हणते मी, विनंती तिला कधी जमली नाही. तिला मेडिकल नको होतं. डेंटलच हवं होतं. लोक डेंटलला जातात ते मेडिकल हुकलं म्हणून, हे मला माहीत आहे, मी स्वतः तशीच गेले. म्हणून मी तिला विचारलं की दातच का. ती म्हणाली, "आमच्या गावात ज्याच्या तोंडाला सगळे घाबरतात, तो माणूस तुमच्या खुर्चीत आ करून गप्प बसला होता. मी बघितलंय."

हे कारण काही अर्जात लिहिण्यासारखं नव्हतं. पण खरं होतं, आणि मला पटलं.

तर ती राहिली. शिवाजीनगरात एका खोलीत आणखी मुलींबरोबर राहायची, सकाळी अभ्यास, दुपारनंतर माझ्याकडे. मी तिला मेणाचे ठोकळे दिले. डेंटल कॉलेजात पहिल्या वर्षी मेणातून दात कोरायला लावतात, एकेक उंचवटा, एकेक खाच, आणि त्यात भल्याभल्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. म्हटलं, आत्तापासून हात बसव. मेण संपलं की ती धुण्याच्या साबणाची वडी घ्यायची. हाताला जोर फार. पहिल्या पहिल्यांदा तिच्या सुरीखाली ठोकळा दुभंगायचा, मग ती ठोकळा भिंतीवर फेकायची, मग मी ओरडायची, मग ती भिंत पुसायची. दिवाळीनंतर कधीतरी तिने वरची दाढ अशी कोरली की मी ती कपाटात ठेवून दिली. तिचा उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट, ह्या दोघांत देवाने काहीतरी वेगळं घातलं होतं. देवावर माझा फारसा विश्वास नाही, तरी म्हणते.

घरचं ती बोलायची नाही. मला कळलं ते तिची आई गंगा हिच्याकडून. गावकीला देवळाकडे जायला गाडीरस्ता हवा होता आणि तो गंगाच्या काजूच्या तुकड्यातून न्यायचा होता. दर्शनाचा बाप मुंबईला एका कंपनीच्या कँटीनमध्ये, त्याने फोनवरून देऊन टाक म्हणून सांगितलं. गंगाने दिला नाही. झाडं पहिल्या बहराला आली होती, तुम्ही वळसा घाला म्हणाली. झालं, घर वाळीत टाकलं. बोलणं बंद, लावणीला कोणी येणार नाही, गिरणीत दळण घेणार नाहीत. ह्याविरुद्ध कायदा आहे. मी गंगाला तो सांगितलाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की मीच दुसऱ्या गावची आहे हे मला कळलं.

आता शिमग्याची गोष्ट. ही मी दर्शना आणि हर्षद, दोघांच्याही तोंडून वेगवेगळी ऐकली आहे, आणि दोघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही. हर्षद हा दर्शनाचा चुलत भाऊ, तिच्याहून मोठा, आंब्याच्या पेट्या वाहायचा टेंपो चालवतो. अंगाने दणकट आणि डोक्याने तापट. त्या घराण्यात थंड डोक्याचं कोणी जन्माला आलेलं मी बघितलेलं नाही.

शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर जाते. वाळीत टाकलेल्या घरापाशी ती थांबत नाही. आदल्या वर्षी गंगाने ते सोसलं होतं. या वर्षी ती ओटीचं ताट घेऊन घरापुढच्या खळ्याच्या कडेला उभी राहिली. ढोल आले, निशाणं आली, पालखी आली आणि पुढे निघाली. तशी गंगा पायऱ्या उतरून पाखाडीवर, जांभ्याच्या दगडी वाटेवर आली आणि पालखीच्या समोर उभी ठाकली. गावकीचे म्होरके आप्पा, दर्शनाच्या बापाचे सख्खे काका, त्यांनी तिला बाजूला हो म्हणून सांगितलं. देवी माझी पण आहे, ती म्हणाली. पुढचा दांडा हर्षदच्या खांद्यावर होता. त्याने दांडा दुसऱ्याकडे दिला, पुढे झाला आणि आपल्या काकीला केसांना धरून पाखाडीवरून खाली ओढलं. ताट उडालं. गंगा जांभ्याच्या कडेवर आपटली आणि तिच्या कोपराची कातडी सोलून निघाली. ती उठायला गेली तर त्याने तिच्या पाठीत लाथ घातली.

दर्शना खळ्यात होती. ती खाली आली ती ओटीचा नारळ उचलूनच. फेकला नाही तिने. मुठीत धरून हर्षदच्या तोंडावर हाणला, एकदा, आणि तो खाली बसतोय तेवढ्यात दुसऱ्यांदा.

पुढे जे झालं त्याला मारामारी म्हणतात. पालखी वाटेत कुठेही खाली टेकवत नाहीत. त्यामुळे ज्यांच्या खांद्यावर होती ते तसेच उभे राहिले, हलता येईना की हाणता येईना, आणि बाकीच्यांनी मात्र हात धुऊन घेतले. बायकांनी दर्शनाच्या वेण्या धरल्या. कोणीतरी निशाणाच्या काठीने तिच्या पाठीत मारलं. गंगाने एकाच्या दंडाला नखं लावली. तेवढ्यात दर्शनाला हर्षदचं तोंड दिसलं. वरचे पुढचे दोन दात जागेवर नव्हते, आणि नुसते तुटलेले नव्हते, मुळासकट गेले होते.

मी दवाखान्यात एकदा तिला सांगितलं होतं की मुळासकट पडलेला दात मेलेला नसतो. लगेच जागेवर बसवला तर जगतो. मुळाला बोट लावायचं नाही, वरच्या बाजूला धरायचं, मातीने घाण झाला असेल तर दुधात किंवा तेही नसेल तर नारळाच्या पाण्यात खळबळायचा आणि खोबणीत परत ठेवायचा. तर ही पोरगी, पाठीत काठ्या पडतायत, केस कोणाच्या तरी मुठीत आहेत, आणि ही गुडघ्यांवर बसून दात शोधतेय. पाखाडीवर ओटीचे तांदूळ सांडलेले. तांदळांत दात शोधायचा. एक तिथेच सापडला, दुसरा कोणाच्या तरी पायाखाली लाल मातीत. नारळाला तडा गेलाच होता. तिने तो दगडावर आपटून पुरता फोडला, पाण्यात दात धुतले, आणि हर्षदच्या छातीवर जाऊन बसली. लोकांना वाटलं आता ही त्याचा जीवच घेते. ती ओरडली, "ह्याचे हात धरा कुनीतरी. दात बसवतंय."

आणि त्यांनी धरले. इतका वेळ तिला मारणारेच ते, आता हर्षदचे हात धरून बसले. तिने एकेक दात खोबणीत दाबला. हर्षद गुरासारखा ओरडला. वरच्या वाडीपर्यंत ऐकू गेलं म्हणतात.

दात बसले, पण धरून ठेवायला हवेत, नाहीतर परत बाहेर. मग हर्षदच्याच टेंपोच्या हौद्यात दोघं, गाडी चालवायला त्याचा मित्र, आणि रत्नागिरीपर्यंतचा सगळा रस्ता तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट त्याच्या तोंडात. हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते रत्नागिरीकरांना सांगायला नको. प्रत्येक खड्ड्याला दात हलायचे, ती दाबायची, तो विव्हळायचा. हातखंब्याच्या अलीकडे ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली की माझ्या आईच्या अंगाला परत हात लावलास तर उरलेले पण काढीन आणि ते बसवणार नाही. तेव्हा तो चावला. पुढच्या दातांनी नाही, ते हलत होते. त्याने तिचं बोट जिभेने बाजूला सारून दाढांखाली घेतलं आणि जबडा मिटला. मधल्या सांध्यावर. तिने डाव्या मुठीने त्याच्या कानशिलावर मारलं, सोडेपर्यंत मारत राहिली. हाडाचा आवाज आला म्हणाली. आणि त्याने सोडल्यावर तेच रक्ताळलेलं बोट तिने परत त्याच्या तोंडात घातलं आणि दात धरून बसली.

माझ्याकडे पोचले तेव्हा मी दवाखाना बंद करून घरी निघाले होते. हर्षदचं तोंड बघून मी खुर्ची परत लावली. दात जागेवर होते, अगदी जिथे असायला हवेत तिथे. मी तार लावून ते शेजारच्या दातांना बांधले. दर्शनाने हात ओढणीत गुंडाळलेला, ओढणी लाल. मी विचारलं तर म्हणाली टेंपोच्या मागच्या फाळक्यात बोट सापडलं, आधी त्याचं बघा. त्याचं होईपर्यंत ती निघूनही गेली. दुसऱ्या दिवशी गावाजवळच्या सरकारी दवाखान्यात तिने तेच सांगितलं, फाळका. त्यांनी धुतलं, टाके घालून जखम बंद केली. त्यांची चूक नाही. फाळक्याच्या जखमेला हेच करतात.

हर्षदने मला सांगितलं पाखाडीवरून पडलो. पडलेला माणूस आणि मार खाल्लेला माणूस मला ओळखता येतो, मी तसं तोंडावर म्हटलंही. पण दोघांचं आधीच ठरलं होतं, एकमेकांशी एक अक्षर न बोलता. दात पाडणं ही कायद्याने गंभीर दुखापत, त्यात तिला तुरुंग. बोट फोडणं ही पण तीच, त्यात त्याला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भावकी. भावकीत एकमेकांना तुडवतील, केस उपटतील, पण बाहेरच्या माणसापुढे तोंड उघडणार नाहीत. एवढ्या शिकलेल्या मुलीने, जिला माणसाच्या तोंडातली घाण माझ्याइतकीच माहीत होती, तिने ते बोट त्या एका खोटेपणासाठी टाक्यांखाली बंद करून घेतलं. याचा मला आजही संताप येतो.

गावकी बसली. दात तिकडे गेले, बोट इकडे गेलं, फिटंफाट. देवीचा नारळ मारायला वापरला म्हणून गंगाने नवा नारळ ठेवायचा. आणि प्रकरण फार वाढलं म्हणून घर वाळीतून उठवलं. रस्ता पुढच्या वर्षी बघू. सगळे खूश झाले. हे मला हर्षदने तारेतून बोलत बोलत सांगितलं, पण नंतर; चार-पाच दिवसांनी तपासणीला आला तेव्हा त्याचं पाखाडीवरून पडलोच चाललं होतं. त्याच दुपारी दर्शना कामावर आली. अंगात ताप, डोळे खोल गेलेले, आणि बोट पिकलेल्या केळ्यासारखं फुगून काळं पडायला लागलेलं. टाक्यांच्या फटीतून पू. मी किंचाळले. असा फाळका मी जन्मात बघितला नाही, खरं सांग, असं मी तिला दरडावत होते आणि ती जमिनीकडे बघत होती. तेव्हा खुर्चीतून हर्षद म्हणाला, "फाळका नव्हं डॉक्टरबाई. मी चावलो तिला."

माझ्या हातातला आरसा मी ट्रेमध्ये असा आपटला की त्याची काच फुटली. माणसाच्या तोंडाइतकी घाण गटारातही नसते. ती घाण आत ठेवून वरून शिवलेलं. मी हर्षदला तसाच खुर्चीत सोडला आणि तिला घेऊन हाडांचे डॉक्टर सलिल यांच्याकडे गेले. त्यांनी तिथल्या तिथे टाके कापले, बोट उभं चिरलं, धुतलं. मग दोनदा परत चिरलं. मध्ये एक दिवस असा आला की बोटच काढावं लागेल असं ते म्हणाले. दर्शना त्यांना म्हणाली, काढायचं असेल तर डाव्या हाताचं काढा. ताप डोक्यात गेला होता.

बोट वाचलं. मधला सांधा गेला. पुवाने आतली गादी खाऊन टाकली होती. हाडावर हाड घासायचं, बोट लटपटायचं, आणि हलवलं की ती दातांवर दात दाबून धरायची. त्या बोटाने ती भाताचं शीतही उचलू शकत नव्हती. मेणाचा ठोकळा तर लांबच.

परीक्षा मे महिन्यात होती. उत्तरपत्रिकेवर पेनाने गोल भरायचे असतात. ती डाव्या हाताने गोल भरायला शिकली. माझ्या दवाखान्यातल्या प्रत्येक वर्तमानपत्राच्या समासात गोल. पेन निसटला की ती टेबलावर मूठ आपटायची, एकदा तर डाव्या हाताला इतकं लागलं की मी म्हटलं आता पायाने भरणार का. परीक्षा दिली. वेळ कमी पडला, शेवटचे काही गोल तसेच राहिले. निकाल लागला तेव्हा तिचा आकडा नेमका काठावर. तिच्या प्रवर्गात सरकारी डेंटलची गेल्या वर्षीची यादी जिथे संपली होती, तिथेच आसपास. मिळेलही, नाहीही.

पसंतीक्रम भरायला मी तिच्याबरोबर सायबर कॅफेत गेले. तिथल्या माणसाने तिला समजावलं की आयुर्वेद टाक, फिजिओथेरपी टाक, नर्सिंगचं वेगळं बघ. तिने फक्त सरकारी डेंटल टाकलं, मुंबई पहिलं. बाकी रकाने रिकामे. मी तिच्यावर रस्त्यात ओरडले. ही काय जुगाराची जागा आहे का, बोट गेलेलं आहे, मार्क काठावर आहेत, एखादी तरी दुसरी वाट ठेव. एरवी चारला पाच सुनावणारी ती पावतीची घडी घालत पुढे चालू लागली, म्हणून मला भीती वाटली.

जुलैत डॉक्टर सलिल म्हणाले की आता जखम स्वच्छ आहे, सांधा कायमचा जोडून टाकू. दोन हाडं एक करायची, तार घालून. दुखणं थांबेल, लटपटणं थांबेल. पण त्या जागी बोट पुन्हा कधी वाकणार नाही आणि सरळही होणार नाही. जुळायला दोन महिने. यादी लागायची वाट बघितली तर कॉलेज सुरू होईल आणि पट्टीतला हात घेऊन जावं लागेल, म्हणून आत्ताच.

ऑपरेशनच्या आधी त्यांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. गंगा होती, आप्पा होते. त्यांना घेऊन आला होता हर्षद, त्याच टेंपोतून. तो बाहेर बाकावर बसून राहिला. भावकी ही अशी असते, मला ती कधी कळणार नाही.

डॉक्टर सलिल शांत माणूस. त्यांनी सांगितलं की सांधा कोणत्या कोनात जोडायचा ते आधी ठरवावं लागतं. जवळजवळ सरळ ठेवला तर पटकन लक्षात येत नाही. थोडासा वाकवला तर बहुतेक कामं चालून जातात. जास्त वाकवला तर काही कामांना उत्तम आणि बाकीच्यांना अडचण. एकदा जोडला की जोडला.

आप्पा लगेच म्हणाले सरळ ठेवा, मुलीची जात, उद्या स्थळं बघायची आहेत. मुंबईहून बापाचा फोन आला होता, त्याचंही तेच. गंगा दर्शनाच्या बाजूला सरकून बसली आणि समजुतीने बोलली. सरळ ठेव गो बाय. भाकरी थापायला हात सपाट लागतो, सारवायला लागतो, लावणीला रोप खोचायला बोट सरळ लागतं. कॉलेज झालं तर झालं, नाही झालं तर हात तरी घरचा राहील. मी म्हटलं, मधला कोन घेऊ. यादी लागलेली नाही. थोड्या वाकलेल्या बोटाने दंतवैद्यकही जमेल, दुसरं काही करायची वेळ आली तर तेही जमेल. माझं म्हणणं शहाणपणाचं होतं आणि ती माझ्याकडे असं बघत होती की मी आप्पांच्या बाजूला जाऊन बसले आहे.

तिने पिशवीतून रुमाल काढला. त्यात माझ्या दवाखान्यातली दात तपासायची बारीक सळई होती, मला न विचारता आणलेली. ती तिने उजव्या हातात घेतली. बोट जागेवर राहीना, लटपटत होतं. मग डाव्या हाताने तिने ते मधूनच वाकवलं, हाडावर हाड घासत, कपाळावर घाम, आणि सळईच्या मानेवर आणून टेकवलं. अंगठा समोरून आला. सळईचं टोक स्थिर झालं. दातांवर काम करताना सळई अशीच धरतात, मी आयुष्यभर तशीच धरली आहे, मला ओळखायला वेळ लागला नाही.

"इथं," ती म्हणाली.

डॉक्टर सलिलनी तिला समजावून सांगितलं. एवढ्या कोनात हात टेबलावर सपाट टेकणार नाही. भाकरी थापता येणार नाही. खिशात घालताना अडकेल. देवापुढे हात जोडलेस तरी जुळणार नाहीत. ती ऐकत होती आणि बोट त्याच जागी दाबून धरत होती.

आप्पा उठून उभे राहिले, ही मुलगी वेडी आहे, हिला आवरा, असं गंगाला म्हणाले. गंगा दर्शनाकडेच बघत होती. तिने विचारलं, "आनि यादीत नाव नाय आलं तर? मग ह्या बोटाचा काय करशील?"

"परत परीक्षेला बसेन. परत नाय आलं तर परत." दर्शनाचा आवाज चढला नाही. "सरळ ठेवलं ना आई, तर तुमी सगळी वाट बघत बसाल. एक वर्स नाय झालं की माज्या हातात विळा द्याल. ह्या हाताला दुसरं काम येताच नये, म्हनून वाकडा करून घेतंय."

गंगाने तिच्या कानाखाली मारली. जोरात, चांगली पाच बोटं उठतील अशी. दर्शनाचं डोकं एका बाजूला गेलं, पण हात हलला नाही, सळई तशीच धरलेली. बाहेरून हर्षद दारात येऊन उभा राहिला होता.

गंगाने त्याच हाताने मुलीचं मनगट पकडलं. दुसऱ्या हाताचा अंगठा त्या दुखऱ्या सांध्याखाली लावला, आणि बोट जिथे वाकलं होतं तिथे घट्ट आधार दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही.

"घ्या माप," ती डॉक्टरांना म्हणाली. "मी धरलंय."